रात्रीतून बदललेलं नागरिकत्व

१९ डिसेंबर १९६१ च्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. दुसऱ्या दिवशी म्हापशात, मडगावात, पेडण्यात माणसं उठली ती आपापल्याच घरात. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी शपथ घेतली नव्हती. तरीही कायद्याच्या लेखी त्या दिवसापासून ती भारताची नागरिक आहेत.

याहून नवल म्हणजे, हे ठरवणारा केंद्र सरकारचा आदेश निघाला तब्बल तीन महिन्यांनी, २८ मार्च १९६२ ला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी कुणी एक तिथे जन्मलं, तो त्या तारखेपासून भारतीय मानला जाईल, असं त्यात म्हटलं होतं. नको असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवायचं. फादर मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंनी कळवलं. ते पोर्तुगीज राहिले आणि आपल्याच गोव्यात परके ठरले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते हरले. जन्मभूमी तीच, पण तिथे राहायला परवाना लागू लागला! नागरिकत्व मातीतून आपोआप उगवत नाही, ते कायदा घडवतो, हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारताचं नागरिक होण्याच्या पाच वाटा आहेत: जन्म, वंश, नोंदणी, दीर्घ वास्तव्यानंतरचा अर्ज, आणि गोव्यासारखा एखादा प्रदेशच देशात सामील होणं. सगळ्यांत सोपी वाटते ती जन्माची वाट, पण तीही तारखेवर फिरते. ३० जून १९८७ ला पुण्यात परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल, ते दूतावासातल्या अधिकाऱ्याचं वगैरे नसेल तर, भारताचं नागरिक. तेच मूल काही तासांनी, १ जुलैला जन्मलं असतं, तर नाही. त्या दिवसापासून आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावं लागतं, आणि डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक झाल्या.

अर्ज करून नागरिक होणाऱ्याला सर्वसाधारणपणे लगतचं एक वर्ष सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं इथे काढावी लागतात. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या यादीतली कुठलीही एक चालते. म्हणजे हिंदीचा गंध नसलेला पण मराठी येणारा माणूस ही अट पुरी करतो. मला ही तरतूद फार मोठ्या मनाची वाटते.

हक्कांचं वाटपही थक्क करणारं आहे. भाषणाचं, संघटनेचं, देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो, ते फक्त नागरिकांना. मात्र कायद्यापुढची समानता आणि जीविताचं संरक्षण, म्हणजे अनुच्छेद १४ आणि २१, प्रत्येक व्यक्तीला आहेत. आत्ताच मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या परक्या प्रवाशालासुद्धा! घटनाकारांनी ही रेघ विचारपूर्वक ओढली आणि ती योग्यच आहे.

कर्तव्यं संविधानात उशिरा आली. १९७६ मध्ये दहा, आणि २००२ मध्ये अकरावं: सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला शिकण्याची संधी देणं. ती पाळली नाहीत म्हणून थेट शिक्षा संविधान सांगत नाही.

पण नागरिक असण्याचा खरा अर्थ पाहायचा तर पुन्हा गोव्यातच जावं लागतं. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? जेमतेम पाच वर्षांपूर्वी नागरिक झालेली माणसं मतपत्रिका हातात घेऊन आपल्या भूमीचं भवितव्य ठरवत होती. केंद्रशासित राहण्याची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल रुचला नाही, तरी तो मानला गेला.

आज पोर्तुगालच्या कायद्याचा आधार घेऊन हजारो गोंयकार लिस्बनला जन्मनोंद करतात, पोर्तुगीज पासपोर्ट काढतात आणि कामधंद्यासाठी युरोप गाठतात. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पोटापाण्याची वाट प्रत्येकाने आपली शोधायची असते. पण तुमच्या ओळखीत कुणी त्या वाटेवर असेल, तर एवढं जरूर सांगा: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पुढे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड मिळालं तर गावी येऊन हवं तितकं राहता येईल, पण शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि मतदार यादीत नाव राहणार नाही.