पाऊण इंचाचा प्रश्न

पावसाळा सरून नदीचे पाणी निवळले, की आमच्या गोमंतकातील धक्क्यांवर पुन्हा वर्दळ सुरू होते. मासेमारीच्या होड्यांच्या जोडीला अलीकडे पर्यटकांना फिरवणारी एक निराळी नौकाही येथे दिसू लागली आहे. खाली दोन लांब, पोकळ, बंद नळकांडी, त्यांवर सपाट तक्तपोशी, वर छत आणि मागे इंजिन, असा तिचा थाट. हिला पाँटून बोट म्हणतात. नदीकाठी राहूनही आम्ही तिच्याकडे कधी बारकाईने पाहिले नव्हते. गेल्या ऑक्टोबरात शिवोलीच्या धक्क्यावर तो योग आला.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथे अशी नौका चालवतो. पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने ती वापरलेली विकत घेतली. तो म्हणाला, "सर, इंजिन अपुरे पडते. माणसे भरली आणि वळण घेतले, की नुसता आरडाओरडा करते. नौका मात्र पुढे सरकत नाही. परवा भर पात्रात बायकामुले घाबरून गेली. आता मोठे इंजिन घ्यावे म्हणतो." त्याच्या हाती दुसऱ्या कर्जाचा अर्ज होता आणि जामीन म्हणून आमची सही त्याला हवी होती. यंत्रातले आम्हांस काय कळणार? आम्ही खिशातून लेखणी काढलीही. तोच होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे एक वृद्ध मेस्त्री शेजारून म्हणाले, "मास्तर, आधी उंची मोजूया. सही मग करा."

ही उंची कसली, ते वाचकांस थोडक्यात सांगतो. नौकेच्या मागील फळीवर बाहेरून टांगतात ते आउटबोर्ड इंजिन. त्याचा दांडा साधारणपणे 15, 20 किंवा 25 इंची मापात मिळतो व फळीची उंची त्याच्याशी जुळावी लागते. येथे दोन्ही 20 इंच होती. म्हणजे मूळ माप बरोबर होते. पंख्याच्या जरा वर दांड्याला एक आडवी पाटी असते. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये, हे तिचे काम. साध्या होडीत ही पाटी तळाच्या रेषेत ठेवून चाचणीस आरंभ करतात.

पाँटून नौकेत मात्र इंजिन दोन नळकांड्यांच्या मधोमध असते आणि तेथे येणारे पाणी घुसळलेले, हवा मिसळलेले असते. शिवाय मंडळी गंमत पाहायला पुढे जमली, की नाळ दबते व मागची बाजू उचलली जाते. पंखा पृष्ठभागाजवळ आला, की पाण्याबरोबर हवा ओढू लागतो. मग भार कमी झाल्याने इंजिनाचे फेरे एकदम वाढतात आणि रेटा नाहीसा होतो. आमच्या विद्यार्थ्याने ऐकलेला आरडाओरडा तो हाच. इंजिन थंड ठेवणारे पाणीही खालच्या जाळीतूनच आत जाते. तेथे हवा शिरली, तर इंजिन तापून निकामी होण्याचे भय असते.

पूर्वीच्या मालकाने इंजिन वर का चढवले असावे? मेस्त्रींचा तर्क असा, की ओहोटीच्या वेळी पंखा वाळूला लागू नये म्हणून. 1952 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोज वीअर्स यांनी लोखंडी पिंपांवर लाकडी तक्ता बसवून अशी नौका सिद्ध केली, ती तळ्यातील शांत पाण्यासाठी. आमच्या नदीत भरती-ओहोटी आहे, वाळूचे बांध आहेत. पण त्यावरचा उपाय उथळ जागी वेग कमी करून इंजिन तेवढ्यापुरते तिरपे उचलणे हा आहे. ते कायमचे वर टांगणे हा नव्हे.

इंजिन बंद करून किल्ली काढली. चाळीस अश्वशक्तीच्या त्या यंत्राचे वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणून ते चेनपुलीने तोलून धरले व मगच बोल्ट सोडले. बोल्टांच्या छिद्रांत सुमारे पाऊण इंचाचे अंतर असते. इंजिन एक छिद्र खाली घेतले. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती ठेवली, त्यांतली काही मुद्दाम नाळेवर. सरळ जाताना सुधारणा झाली. वळणावर मात्र तीच ओरड. आणखी एक छिद्र खाली घेतले. आता वळणावरही आवाज एकसारखा राहिला आणि इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार तुटली नाही. चालत्या नौकेत पाटी पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम झाकलेली दिसत होती.

"मग अजून खाली घेतले तर?" आम्ही विचारले. मेस्त्रींनी तेही करून दाखवले. पाणी मागे उसळू लागले, सुकाणू जड झाले, आणि दोन खुंटांमधले तेच अंतर कापण्यास अधिक वेळ लागू लागला. पाण्यात नको तितका भाग बुडाला, की त्याचा अडथळा पेट्रोलच्या खर्चात दिसतो. इंजिन पुन्हा एक छिद्र वर आले. जुन्या रिकाम्या छिद्रांत पाणी शिरू नये म्हणून मसाला भरला आणि ठरलेल्या छिद्राशी रंगाची खूण केली.

दुसऱ्याच्या नौकेचे माप आपल्या नौकेस लावू नये, हे मेस्त्रींनी जाता जाता बजावले. तीन नळकांड्यांची नौका असेल, पंखा बदलला असेल, माणसे अधिक बसत असतील, तर चाचणी नव्याने करावी; आणि रिकाम्या नौकेवर तर ती कधीच करू नये.

असो. सारा खर्च मेस्त्रींच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. कर्जाचा अर्ज आमच्या विद्यार्थ्याने घडी घालून खिशात ठेवला. आमची लेखणीही न उघडता परत खिशात गेली.