अपमान मनाला का लागतो? ‘मी’पणा, मेंदू आणि आपले आरोग्य

साल १९०१. सातारा जिल्ह्यातले मसूर स्टेशन. नवे कपडे आणि डोक्यावर टोप्या घातलेली काही मुले गाडीतून उतरली. गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे ती निघाली होती, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा क्षणात बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मुलांशेजारी बसायला तयार होईना. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, असे ठरले. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्र उपाशी काढावी लागली.

त्या मुलांतला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे बाबासाहेब. पुढे तीसेक वर्षांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. तोपर्यंत कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या झाल्या होत्या, देशभर नाव झाले होते. तरी मसूरचा तो दिवस मनातून गेला नव्हता.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात असा एखादा दिवस असतो. कोणी भर वर्गात बोलले, कोणी नोकरीवर टोमणा मारला, कोणी खोली भाड्याने देताना आडनाव विचारून दार लावून घेतले. दहा वर्षांपूर्वी काय जेवलो ते आठवत नाही, पण तो शब्द मात्र जसाच्या तसा आठवतो. असे का होते? आपण मनाने कच्चे आहोत म्हणून? मुळीच नाही. माणसाच्या मेंदूची घडणच तशी आहे.

मेंदू ‘माझे’ काय ते आधी पाहतो

१९७७ साली मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना स्वभावाचे शब्द दाखवले: प्रामाणिक, लाजाळू, हट्टी वगैरे. काही शब्दांबाबत अर्थ विचारला, काहींबाबत विचारले, ‘हा शब्द तुम्हाला लागू पडतो का?’ नंतर कोणते शब्द आठवतात ते पाहिले. ज्या शब्दांचा संबंध स्वतःशी लावला होता, तेच सर्वांत जास्त लक्षात राहिले होते.

पुढे एमआरआय यंत्रे आली आणि मेंदू काम करताना पाहता येऊ लागला. माणूस स्वतःविषयी विचार करतो, तेव्हा कपाळामागचा, दोन्ही अर्धमेंदूंच्या मधोमध आत असलेला भाग विशेष जागा होतो, असे दिसले. ‘मी’ तिथेच बसलेला असतो असा याचा अर्थ नव्हे. पण ‘हे माझ्याबद्दल आहे का?’ या तपासणीत त्या भागाचा मोठा वाटा असतो.

त्याच्या जोडीला मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. ती मेंदूतली धोक्याची घंटा. ती वाजली की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पोटात खड्डा पडतो. तिच्या शेजारीच आठवणी नोंदवणारा भाग आहे. घंटा जोरात वाजली की तो भागही नोंद पक्की करतो. म्हणजे गोष्ट ‘माझी’ असेल आणि धोक्याचीही असेल, तर ती दुहेरी शाईने लिहिली जाते. मसूरचे स्टेशन विसरता आले नाही, ते अशा कारणांमुळे.

२००३ साली अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. यंत्रात झोपलेल्या माणसाला पडद्यावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्याच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. खेळ क्षुल्लक, समोरचे अनोळखी. तरीही वगळले गेल्यावर मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शरीराला दुखापत झाल्यावरही जागा होतो. ‘बोलणे जिव्हारी लागले’ असे आपल्या आया म्हणत आल्या, ते उगीच नव्हते.

रात्री विचारांचे रवंथ का चालते?

पूर्वी वाटायचे की माणूस रिकामा बसला की मेंदूही आराम करतो. २००१ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की तसे नाही. हातात काम नसले की मेंदूतले काही भाग मिळून उलट जास्त काम करतात. काय काम? मागचे आठवणे, पुढचे रंगवणे, लोक आपल्याला काय म्हणत असतील याचा अंदाज बांधणे. म्हणजे बहुतेक वेळा ‘मी, माझे, मला’.

दिवसभर मालधक्क्यावर, गोदामात, शेतात किंवा चार घरची धुणीभांडी करताना मन कामात असते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हे रवंथ सुरू होते. ‘मी तेव्हा गप्प का बसलो?’ ‘माझ्यातच काही कमी आहे का?’ प्रत्येक फेरीला धोक्याची घंटा पुन्हा वाजते. अपमान करणारा एकदा बोलून गेला, आपण मात्र तोच अपमान शंभर वेळा सोसतो. झोप उडते, डोके दुखते, चिडचिड मुलांवर निघते, कोणी बाटली जवळ करतो. दारूने विचार तासभर सुन्न होतात, पण झोपेची प्रत बिघडते आणि उदासी वाढते.

भगवान बुद्धांनी याला दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण बाहेरून लागतो, त्याची वेदना होतेच. दुसरा बाण आपले मन त्याच जखमेवर मारते. दुसरा बाण टाळता येतो.

जात पुकारली आणि कोडे अडले

पण पहिल्या बाणाचे काय? तो कोण मारतो, हे विसरून केवळ ‘मन शांत ठेवा’ म्हणणे हा आपल्या लोकांवर अन्याय ठरेल.

जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. त्यांचा अहवाल २००४ साली आला. जात कोणाला माहीत नव्हती, तेव्हा कथित उच्च आणि कथित खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक पडला नाही. मग मुलांची नावे जातीसह सर्वांसमोर पुकारली. तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, बुद्धी तीच. बदलली ती फक्त खोलीतली हवा.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना भर वर्गात मुलांना उभे करणे ही साधी बाब नाही. मुलाचे निम्मे लक्ष तिथेच अडकून पडते.

आपल्या मनमाडला तर या गोष्टीची जुनी ओळख आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी इथे रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते याच ठिकाणी. आपला माणूस जन्मभर गँगमनच का राहतो, त्याला साधा पोर्टरही का करत नाहीत, असे त्यांनी विचारले. कारणही सांगितले: पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी कामाला बोलावतात, आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. कामगारांच्या मनात ‘आपली लायकीच एवढी’ असा जो समज रुजवला होता, त्यावर हा घाव होता. दोष तुमच्यात नाही, व्यवस्थेत आहे, हे समजणे म्हणजेच मनाच्या उपचाराची सुरुवात होती.

घरी काय करता येईल?

पहिले, भावनेला नाव द्या. ‘कसेतरीच होते’ म्हणू नका. राग आहे, लाज वाटते, भीती वाटते की दुःख आहे, ते शब्दांत सांगा. भावनेला नाव दिले की धोक्याची घंटा मंदावते, असे २००७ च्या एका अभ्यासात एमआरआयवर दिसले आहे. लिहिता येत असेल तर वहीत लिहा, नाहीतर विश्वासाच्या माणसाला सांगा.

दुसरे, स्वतःशी नाव घेऊन बोला. ‘मी का घाबरले?’ असे न विचारता मैत्रिणीला विचारावे तसे, स्वतःचे नाव घेऊन, ‘ती का घाबरली?’ असे विचारा. थोडे विचित्र वाटेल. पण असे केल्याने मेंदूतले ‘माझे माझे’ कमी होते आणि मन लवकर सावरते, असे २०१७ च्या संशोधनात आढळले.

तिसरे, रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. विहारात वंदनेनंतर बसता येईल. विचार येतील, येऊ द्या. ‘राग आला आहे’ एवढीच नोंद घ्या आणि पुन्हा श्वासाकडे या. टोरंटोमध्ये आठ आठवडे असा सराव केलेल्या लोकांच्या मेंदूत ‘माझी कहाणी’ रचणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. वेदना ही केवळ वेदना आहे, तीच ‘मी’ नव्हे, ही पंचस्कंधांची शिकवण इथे रोजच्या कामाला येते.

चौथे, मूल शाळेतून गप्प गप्प आले तर ‘सोड, लक्ष देऊ नको’ म्हणून विषय संपवू नका. आधी पूर्ण ऐका. मग सांगा, ‘चूक बोलणाऱ्याची होती, बाळा, तुझी नाही.’ आणि शाळेत जाऊन बोला. जातीवरून छळ झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मनाची काळजी घेणे आणि तक्रार करणे, ही दोन्ही कामे एकत्र करायची असतात.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप किंवा भूक जाणे, कशातच रस न वाटणे, रोजचे काम न सुधरणे, अशी लक्षणे असतील तर हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बाहेरचे झाले असे समजून भगत-मांत्रिकाच्या नादी लागू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा आपला हक्क आहे, त्यात लाज कसली?

मसूरच्या स्टेशनवर नऊ वर्षांच्या मुलाला जे लागले, ते आयुष्यभर लक्षात राहिले. पण त्याचा अर्थ त्यांनी ‘मी कमी आहे’ असा लावला नाही. ‘ही रीत चुकीची आहे’ असा लावला. १९३५ साली आपल्या शेजारच्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात आपल्याला नवी ओळख दिली. आठवण पुसता येत नाही, तिचा अर्थ बदलता येतो. आज रात्री घरात कोणी गप्प बसले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘आज काय झालं?’

जय भीम!