सीइंग आय : मॉरिसटाउनची श्वानशाळा

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मॉरिसटाउन गावी ‘द सीइंग आय’ ही संस्था अंध व्यक्तींसाठी वाटाडे कुत्रे तयार करते. आज चालू असलेल्या अशा शाळांमध्ये ती जगातली सर्वांत जुनी. तिची स्थापना २९ जानेवारी १९२९ रोजी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये झाली आणि १९३१ मध्ये ती न्यू जर्सीत आली.

मूळ कल्पना मात्र जर्मनीतली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथे अशी पहिली शाळा निघाली. पुढे पॉट्सडॅममध्येही एक सुरू झाली. डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांची पैदास करत आणि त्यांना पोलिसी कामासाठी तयार करत. पॉट्सडॅमची शाळा पाहून त्यांनी ५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. नॅशव्हिलमधल्या मॉरिस फ्रँक या तरुणाला तो त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. फ्रँकचा एक डोळा सहाव्या वर्षी गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. त्याने यूस्टिसबाईंना पत्र लिहून आपल्यासाठी कुत्रा मागितला आणि परत आल्यावर इतर अंधांनाही ही विद्या मिळवून देण्याची तयारी दाखवली. स्वित्झर्लंडला जाताना बोटीवर त्याची रवानगी जवळजवळ पार्सलासारखीच झाली होती. येताना सोबत बडी ही कुत्री होती, आणि मग त्याला कुणी ‘पोचवण्याची’ गरज उरली नाही. जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्यावर वार्ताहरांनी त्याला वेस्ट स्ट्रीट हा वाहनांनी गजबजलेला रस्ता ओलांडून दाखवायला सांगितलं. बडीने त्याला सुखरूप पलीकडे नेलं. यूस्टिसबाईंना गेलेल्या तारेत एकच शब्द होता : यशस्वी.

कुत्रा अंध माणसाला हव्या त्या ठिकाणी नेऊन सोडतो, हा समज जितका सार्वत्रिक तितकाच चुकीचा आहे. बँक कुठे आहे हे कुत्र्याला ठाऊक नसतं. किती चौक सोडून कुठे वळायचं, हा हिशेब माणसाच्या डोक्यात असतो. कुत्रा त्याच्या डाव्या बाजूला, किंचित पुढे चालतो. पाठीवरच्या हार्नेसला इंग्रजी ‘यू’च्या आकाराची ताठ मूठ असते आणि कुत्र्याचं प्रत्येक वळणं, थबकणं तिच्यातून हाताला कळतं. फूटपाथ संपला की कुत्रा थांबतो. माणूस पायाने कड चाचपतो, वाहनांच्या आवाजाचा अंदाज घेतो आणि मगच ‘पुढे’ म्हणतो. सिग्नलचे दिवे पाहून कुत्रा रस्ता ओलांडत नाही. कधी निघायचं हे माणूसच ठरवतो. पण हुकूम दिल्यावर एखादी गाडी अंगावर येताना दिसली, तर कुत्र्याने तो हुकूम मोडायचा असतो. सगळ्या शिक्षणात अवघड भाग हाच, कारण आज्ञापालन अंगी मुरवलेल्या जनावराला आज्ञा केव्हा पाळायची नाही हेही शिकवावं लागतं.

दुसरी अवघड गोष्ट उंचीची. झाडाची खाली आलेली फांदी किंवा दुकानाच्या कनातीचा दांडा कुत्र्याच्या डोक्यावरून सहज जातो, पण माणसाच्या कपाळावर बसतो. कुत्र्याला स्वतःला न लागणारी ही जागा, वरची आणि उजवीकडची, हिशेबात धरायला शिकवतात. पांढऱ्या काठीला अडथळा लागल्यावर कळतो. कुत्रा तो लागण्याआधीच वळसा घालतो. अलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज जवळजवळ नसल्याने कानांवरची भिस्त अपुरी पडू लागली, आणि अमेरिकेत २०१० च्या पादचारी सुरक्षा कायद्याने अशा गाड्यांना आवाजाची सक्ती करण्याची तरतूद झाली.

संस्था आपले कुत्रे स्वतःच पैदा करते : मुख्यतः लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांचे संकर. पिल्लू सातआठ आठवड्यांचं झालं की ते स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं आणि साधारण वर्षभर माणसांत, बाजारात, बसगाड्यांत वाढतं. परत आल्यावर सुमारे चार महिने मॉरिसटाउनच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर शिक्षण चालतं. अखेरीस प्रशिक्षक स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच कुत्र्याबरोबर चालतो. या परीक्षेत मार्क कुत्र्याचे असले तरी गुडघे प्रशिक्षकाचे फुटणार असतात!

पुढचं काम जोडी जुळवण्याचं. प्रशिक्षक हार्नेस स्वतःच्या हातात धरून ‘कुत्रा’ होतो आणि मूठ अर्जदाराच्या हाती देऊन त्याच्याबरोबर रस्त्याने चालतो. त्यातून माणसाचा वेग आणि त्याला किती ओढ सोसते हे कळतं. तुरुतुरु चालणाऱ्याला संथ कुत्रा दिला तर दोघेही वैतागतात. जोडी ठरल्यावर माणूस संस्थेत राहून काही आठवडे कुत्र्याबरोबर शिकतो.

सेवेचा खर्च देणग्यांवर भागतो, तरी कुत्रा फुकट मिळत नाही. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५० आणि माजी सैनिकांना एक डॉलर, असा दर गेली कित्येक दशकं कायम आहे. खऱ्या खर्चापुढे ही रक्कम चिल्लरच, पण तिच्यामुळे कुत्रा भीक म्हणून हाती येत नाही आणि त्याची मालकीही माणसाकडे जाते. दयेपोटी सगळं फुकट वाटणाऱ्या संस्थांपेक्षा हा हिशेब अधिक समजूतदार वाटतो.

हॉटेलं आणि आगगाड्या सुरुवातीला कुत्र्यांना दारातच अडवत. फ्रँकने त्यासाठी देशभर फिरून वाद घातले. १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने हा प्रवेश देशभर हक्काचा झाला. कुत्रा कशासाठी आहे हे दिसत नसेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : अपंगत्वामुळे याची गरज आहे का, आणि तो कोणतं काम शिकला आहे? कागदपत्रं मागता येत नाहीत.

सात-आठ वर्षांच्या नोकरीनंतर कुत्रा थकतो. निवृत्त कुत्र्याला घरीच ठेवायचं की नातेवाइकांकडे द्यायचं, हे मालक ठरवतो आणि दुसऱ्या कुत्र्यासाठी पुन्हा मॉरिसटाउनला येतो. पहिली बडी १९३८ मध्ये गेली. फ्रँकने तिच्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं.