दूरस्थ साठवणुकीचे बदलते दर

ग्रामपंचायतीचे दाखले, शाळांची निकालपत्रके, विकासकामांची छायाचित्रे यांचा बराच भाग आता संगणकावर असतो आणि त्याची एक प्रत पुष्कळदा ‘क्लाउड’मध्ये ठेवली जाते. क्लाउड म्हणजे काही अद्‌भुत व्यवस्था नव्हे. एखाद्या कंपनीच्या केंद्रातील हार्ड डिस्कवरील जागा इंटरनेटद्वारे वापरावयास घेणे, एवढाच त्याचा अर्थ होय. जागा दुसऱ्याची असल्याने तिचे भाडे आणि अटी बदलणे ओघानेच आले.

स्वस्ताईचा काळ

अ‍ॅमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये ‘एस-३’ ही सेवा सुरू केली, तेव्हा एक गीगाबाइट माहिती महिनाभर ठेवण्याचा दर १५ सेंट होता. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेतील प्रमुख केंद्रासाठी तो २.३ सेंटवर आला. डिस्कची वाढती क्षमता आणि कंपन्यांमधील स्पर्धा ही त्याची मुख्य कारणे होत. ग्राहक जोडण्यासाठी काही कंपन्यांनी अमर्याद जागाही देऊ केली.

चक्र उलटले

ही उदारता फार काळ परवडणारी नव्हती. काही ग्राहकांनी प्रत्येकी ७५ टेराबाइटहून अधिक जागा व्यापल्याचे सांगून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अमर्याद साठवणुकीची सवलत मागे घेतली. गूगलने १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ गीगाबाइटच्या मोफत मर्यादेत मोजण्यास प्रारंभ केला. शिक्षणसंस्थांनाही अमर्याद जागेऐवजी सामायिक १०० टेराबाइटची मूळ मर्यादा लागू झाली. बॅकब्लेझ या कंपनीची एका संगणकाच्या बॅकअपची मासिक आकारणी ५ डॉलर होती. ती २०१९ मध्ये ६, २०२१ मध्ये ७ आणि २०२३ मध्ये ९ डॉलर झाली.

यामागील अर्थकारण सरळ आहे. डिस्क एकदाच विकत घ्यावी लागते. परंतु वीज, शीतकरण, देखभाल आणि जुन्या डिस्क बदलणे हा खर्च अखंड चालतो. शिवाय साठवलेली माहिती सहसा कमी होत नाही, वाढतच जाते.

परतीचे भाडे

माहिती परत घेण्याचा खर्चही विसरून चालणार नाही. ‘एस-३’मधून माहिती बाहेर काढण्याचा अमेरिकेतील प्रारंभिक दर, मोफत मर्यादेनंतर, गीगाबाइटला ९ सेंट आहे, म्हणजे महिन्याच्या साठवणुकीच्या जवळजवळ चौपट. २०२४ मध्ये गूगल व अ‍ॅमेझॉन यांनी सेवा कायमची सोडणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

मोफत खात्याची जागा भरली की गूगलच्या खात्यावर नवी टपाले येणे थांबते. मर्यादा दोन वर्षे ओलांडलेली राहिल्यास साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते. एखाद्या ग्रामसेवकाच्या किंवा शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर कार्यालयाची कागदपत्रे असतील, तर त्यांच्या बदलीनंतर याची दखल घेणारे कोणीच उरत नाही.

म्हणून खाते कार्यालयाच्या नावे असावे आणि त्याच्या नूतनीकरणाची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात व्हावी. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा जाणकारांचा नियम लहान कार्यालयासही पाळता येण्यासारखा आहे. वर्षातून एकदा तरी बॅकअपमधील काही कागदपत्रे उघडून पाहावीत. दर कमी असो वा अधिक, गरजेच्या वेळी दाखला हाती येणे, हीच साठवणुकीची खरी कसोटी होय.