अँटवर्पचा चौथा क्रमांक

१९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत भारताचं नाव नाही. म्हणून त्या संघाची गोष्ट आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकली जाते: सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने सहा खेळाडू गेले आणि हात हलवत परत आले. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्याशी माझं भांडण आहे. त्या सहांपैकी एक जण मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला आणि एक जण कुस्तीत चौथा. भारतात तेव्हा ऑलिम्पिक संघटना नावाची वस्तूदेखील नव्हती.

गोष्ट सुरू होते पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला आणि दोराबजी त्याचे अध्यक्ष. केंब्रिजला शिकताना ते स्वतः मैदानावर उतरलेले, त्यामुळे इंग्लंडातले खेळ त्यांना ऐकून नव्हे, खेळून माहीत होते. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी काय पाहिलं, ते पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले आणि अनवाणी. धावायची जागा म्हणजे गवत. युरोपातल्या नियमांशी कुणाची फारशी ओळख नाही. तरीही पोरं ज्या वेळात शर्यत संपवत होती, त्या वेळा बाहेर दाखवायला लाज वाटू नये अशा.

१९१९ च्या शर्यतींना मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड पाहुणे म्हणून आले. भारताला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळावा म्हणून लंडनला शब्द टाकायला ते तयार झाले. दोराबजींच्या मनातला बेत लहान होता: तीन धावपटू स्वखर्चाने न्यायचे, त्यांना विलायती शिक्षकांच्या हाताखाली तयार करायचं, बस. पुण्यातल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. जायचं तर देशाचा पुरा संघ जाऊ दे, असा आग्रह त्यांनी धरला. गव्हर्नरची शिफारस, पारशी उद्योगपतीचा पैसा आणि राष्ट्रवाद्यांचा हट्ट यांची एरवी कधी जुळली नसती अशी मोट इथे बांधली गेली.

तयारी किती होती याचा एक किस्सा क्रीडा इतिहासात वारंवार सांगितला जातो. १०० मीटरच्या पात्रतेसाठी वेळ काय असावी, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा एका मानकरी सभासदाने ‘असेल एक-दोन मिनिटं’ असं उत्तर दिलं म्हणे. इथे हिशेब सेकंदांचा, त्यातही सेकंदाच्या अंशांचा असतो हे कळल्यावर गृहस्थ थक्क झाले. किस्सा थोडा फुलवलेला असू शकतो, पण त्यात वर्मावर बोट आहे. जिमखान्याला पळणारी माणसं ठाऊक होती, घड्याळाची शिस्त नव्हती.

निवडले गेले ते सहा जण असे: बंगालचे पुर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी, कोल्हापूरचे मल्ल शिंदे आणि दुसरे मल्ल कुमार नवले. बॅनर्जी सोडले तर बाकीचा बहुतेक संघ मुंबई इलाख्यातला. बेळगाव आणि हुबळी तेव्हा याच इलाख्यात होती. ‘भारताचा पहिला संघ’ म्हणताना ही गोष्ट नजरेआड होते. शिंद्यांच्या नावाची तर कागदोपत्री दैनाच झाली. कुठे ते दिनकरराव आहेत, कुठे नुसतं एक इंग्रजी आद्याक्षर आहे, आणि आंतरराष्ट्रीय नोंदींत ते आजही ‘रणधीर शिंदेस’ आहेत.

सोहराब भूत आणि डॉ. फैजी यांच्या देखरेखीखाली संघ बोटीने निघाला आणि आधी इंग्लंडात सरावासाठी थांबला. तो तिकडे असतानाच, १ ऑगस्टला, मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. असहकाराच्या चळवळीलाही त्याच दिवशी तोंड फुटलं. गव्हर्नरच्या मदतीने ऑलिम्पिकला जाण्याचा बेत आणखी वर्षभराने निघाला असता, तर पुण्यातल्या किती लोकांनी त्याला हात लावला असता याची मला शंका आहे.

महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. १९१४-१५ मध्ये हिंदी पलटणी जिथे लढल्या ते ईप्र अँटवर्पसारखंच बेल्जियममधलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना निमंत्रणच नव्हतं. १४ ऑगस्टला उद्घाटन झालं. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंची शपथही पहिल्यांदा याच वेळी घेतली गेली. भारताच्या संघाला मात्र स्वतःचा म्हणावा असा झेंडा नव्हता.

बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांतच बाद झाले. लांब पल्ल्याची गोष्ट वेगळी. २२ ऑगस्टची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिम्पिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला आला, एस्टोनियाचा लॉसमान त्याच्यामागे जेमतेम तेरा सेकंदांवर. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या आर्रीने शर्यत संपल्यावर कोलांट्या मारल्या. दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले, एकोणिसावे. पहिल्याच्या मागे अठरा मिनिटं म्हणजे काही चुरस नव्हे. पण १९५२ साली हेलसिंकीत सुरत सिंग माथुर यांना याहून कमी अंतराला २ तास ५८ मिनिटं लागली आणि ते बावन्नावे आले. २०१६ च्या रिओत टी. गोपी यांचा क्रमांक पंचविसावा होता. चौगुल्यांच्या वरचा क्रमांक मिळवला तो शिवनाथ सिंग यांनी, १९७६ मध्ये माँट्रियलला, अकरावा.

खरी कमाई होती ती कुस्तीत. शिंदे आले त्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं होतं, आणि मल्लाला राजाश्रय म्हणजे काय हे त्या गावाला सांगावं लागत नव्हतं. हौद्यातल्या मल्लाला अँटवर्पची मॅट परकीच. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करेपर्यंत कुस्ती चालते. मॅटवर वेळ ठरलेली आणि ती संपली की निकाल पंचांच्या हाती. ग्रीको-रोमन प्रकार असता तर आपला मल्ल निम्मा निःशस्त्रच झाला असता, कारण त्यात कमरेखाली हात लावता येत नाही. फ्रीस्टाइलमध्ये मात्र एकेरी पट, दुहेरी पट हे पायाचे डाव चालतात. नवले मधल्या वजनात लवकर बाहेर पडले. ६० किलोखालच्या फेदरवेट गटात शिंद्यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे त्यांच्यापुढे आला अमेरिकेचा सॅम्युएल गर्सन, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा मल्ल. शिंदे हरले. ब्राँझच्या कुस्तीत ब्रिटनच्याच फिलिप बर्नार्डने त्यांना हरवलं. सुवर्ण अमेरिकेच्या चार्ल्स अ‍ॅकर्लीला, रौप्य गर्सनला. ब्राँझला एक कुस्ती कमी पडली.

दोराबजी त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झाले. १९२७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन आकाराला आली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. खेळाचा कारभार पुण्याच्या जिमखान्यातून देशभर पसरला. तो पसरायलाच हवा होता. मला खटकतं ते दुसरंच. १९२४ साली पॅरिसला भारताचे धावपटू गेले, टेनिसपटू गेले; मल्ल एकही नव्हता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमला नव्हता, १९३२ च्या लॉस एंजेलिसलाही नव्हता. तोवर हॉकीने सुवर्णपदकं आणायला सुरुवात केली होती आणि देशाचे डोळे तिकडे लागले होते. पहिल्याच खेपेला ज्या खेळात आपण पदकाच्या इतके जवळ गेलो, तोच खेळ पुढच्या तीन ऑलिम्पिकांतून गळावा, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. कुस्ती गावातली, बिनकागदाची, मातीची. संघटना शहरातल्या, शाळा-कॉलेजांच्या, धावपट्टीच्या. कुस्ती परतली ती थेट १९३६ च्या बर्लिनला.

हेलसिंकीला, १९५२ मध्ये, बँटमवेट गटात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ मिळवलं. वैयक्तिक पदक मिळवणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच हेलसिंकीत फेदरवेटमध्ये, म्हणजे शिंद्यांच्याच गटात, आणखी एक कोल्हापूरचा मल्ल लढत होता: केशव माणगावे. ब्राँझ अमेरिकेच्या जोसाया हेन्सनने नेलं. माणगावे चौथे आले.