मूल तेव्हाच का बोललं नाही?

राजुऱ्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९मध्ये उघडकीला आलं. माहिती असूनही पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि ठाऊक असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. वसतिगृहात निदान बाहेरच्यांची ये-जा असते. अत्याचार करणारा बाप, मामा किंवा मोठेबाबा असेल, तर ज्यांना ठाऊक असतं ते सगळे त्याच्याच पंगतीला बसलेले असतात.

अशा घरात मूल गप्प का राहतं, याचं उत्तर जेनिफर फ्रेड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात दिलं. परक्याने इजा केली तर मूल त्याच्यापासून लांब राहू शकतं. पण जो जेवू घालतो, शाळेची फी भरतो, त्याच्यापासून लांब जायचं कुठे? ‘बाबा वाईट आहेत’ हे मानलं तर आधारच तुटतो. ‘माझंच काहीतरी चुकलं’ हे मानणं मुलाला त्यापेक्षा सोपं जातं. घर टिकावं म्हणून मन विसरतं, बधिर होतं, त्या वेळी आपण तिथे नव्हतोच असं धरून चालतं. लहानपणी तगवणारी हीच सवय मोठेपणी अंगावर येते. कारण न सापडणारी पोटदुखी, रात्री दचकून उठणं, नैराश्य, स्वतःला इजा करणं, प्रेमाच्या माणसाच्या स्पर्शाचीही धास्ती. मुलग्यांचं दुखणं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

म्हणून ‘इतकी वर्षं का बोलली नाहीस?’ असं विचारून अत्याचार सोसलेल्या मुलीला खोटं ठरवता येत नाही. उशीर हा त्या जखमेचाच भाग आहे. घरातून दबाव आला की मूल सांगितलेलं मागेही घेतं, हे रोलंड समिट या मनोविकारतज्ज्ञाने १९८३मध्येच मांडलं होतं. खोटे आरोपही होतात, असं कुणी म्हणेल. त्यासाठी तपास आहे, न्यायालय आहे, खोट्या तक्रारीला शिक्षेची तरतूद मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यातच आहे; मुलाचं ऐकून त्याला त्या माणसापासून दूर ठेवलं, तर आपण कुणाला फाशी देत नाही. कमावता तुरुंगात गेला तर चूल कशी पेटेल, ही चिंता मला जास्त खरी वाटते. ती सोडवण्याची जबाबदारी मात्र नातलगांची आणि सरकारची आहे, ती मुलाच्या गप्प बसण्यावर टाकणं अन्याय आहे. आणि अब्रूचं म्हणाल, तर मुलाचं नाव, घर, शाळा छापायला कायद्याने बंदी आहे, जबाबही घरी घेता येतो आणि तो घेणारे पोलीस गणवेशात नसतात.

मूल बोललं, तर ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि वर्षानुवर्षं हे मनात दाबून ठेवलेलं कुणी हे वाचत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्यासाठीही आहे.