दोराला हात

शुक्रवारी रात्री निगडीच्या टिळक चौकाजवळ गाडीची वाट बघत माणसं उभी असतात. त्यांतली कोकणात जाणारी कोणती, हे मला लांबून ओळखू येतं. त्यांच्या सामानात थर्माकोलचा एक रिकामा डबा असतो. सोमवारी पहाटे तोच डबा चिकटपट्टीने बांधलेला, जड होऊन परत उतरतो. या मंडळींपैकी कुणाचे वडील बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणाचे टेल्कोतून. पोरं आता चाकणला. गावं मात्र मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची. मीही त्यांतलाच. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं तळाशील. त्या डब्यात येणारा बांगडा ज्या जाळ्यातून येतो, त्याची ओळख निगडीतल्या शेजाऱ्यांना करून द्यावी असं बरीच वर्षं मनात होतं.

ते जाळं म्हणजे रापण.

हल्ली किनाऱ्यावर गरीने मासे धरायच्या स्पर्धा भरतात. नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवायची चढाओढ तर जुनीच. स्पर्धेत कुणाचा मासा मोठा, कुणाचं वजन जास्त, हे ठरतं आणि एकजण पहिला येतो. रापणीत सगळं गाव एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला असतो. हरला-जिंकला जो काही निकाल लागतो, तो दोराला हात लावलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत थोडा थोडा जातो. गावाने मिळून मासे धरण्याचा याहून जुना आणि याहून मोठा खेळ आपल्या किनाऱ्यावर मला दुसरा माहीत नाही.

तळाशील ही जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी, मध्ये माडांच्या रांगा आणि घरं. रात्री झोपताना दोन्ही कानांनी पाणी ऐकू येतं. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा आहे, पण रापण सगळीकडे ओढता येत नाही. तिला तळ वाळूचा लागतो. खडक असला की जाळं अडकलं, फाटलं. म्हणून देवबाग, तारकर्ली, वायरी, तळाशील, आचरा, निवती, शिरोडा अशा लांब वाळूच्या गावांचीच नावं रापणीबरोबर घेतली जातात. मासेमारी करणारे बहुतेक गाबीत समाजाचे. आणि रापण हा शब्द जाळ्याला जितका लागू, तितकाच ते ओढणाऱ्या माणसांच्या मेळालाही. ‘तो आमच्या रापणीतलो’ असं म्हटलं की नातं कळतं.

आता ही रापण चालते कशी ते सांगतो. रचना ऐकायला सोपी आहे. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवून होडी समुद्रात शिरते. आधी दोर सुटत जातो, मग जाळं. होडी अर्धवर्तुळ घेत पुढे जाते आणि दुसऱ्या दोराचं टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याची लांबी अर्धा-पाऊण किलोमीटर, कधी त्याहून जास्त. वरच्या काठाला तरंगणारे गोळे, खालच्या काठाला वजनं. त्यामुळे पाण्यात एक उभी भिंत तयार होते, वरून पृष्ठभागाला टेकलेली, खालून वाळूला घासणारी. दोन बाजूंना लांब पंख आणि मधोमध बारीक आसांचा खोल भाग. मासा या जाळ्याच्या आसात अडकत नाही, तो हाकला जातो. शेळ्या वाड्याकडे वळवाव्यात तसा थवाच्या थवा मधल्या झोळीकडे वळवायचा असतो.

आणि हे वळवणं माणसांच्या पायांवर चालतं. दोन्ही दोरांना माणसं लागतात, पाठीमागे रेलून, टाचा वाळूत रोवून एकेक पाऊल मागे येत ओढतात. सगळ्यात मागचा माणूस दोर सोडतो आणि पाण्याकडे जाऊन पुढून पुन्हा धरतो. दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. एक बाजू घाईने आली आणि दुसरी मागे राहिली, तर झोळी तिरकी होते आणि मासा पंखाला वळसा घालून निसटतो. खालचा काठ वाळूवरून उचलला गेला तरी तेच, सगळा थवा खालून बाहेर. म्हणून ओढणाऱ्यांना ताकदीपेक्षा समोरच्या रांगेकडे लक्ष जास्त द्यावं लागतं. जाणता माणूस मध्ये उभा राहून दोन्हीकडे ओरडत असतो. शेवटच्या टप्प्यात काहीजण छातीभर पाण्यात उतरून जाळ्याचा वरचा काठ उचलून धरतात, पाणी बडवतात, कारण उथळ पाण्यात मासा उड्या घेतो. सगळं मिळून दोन-तीन तास.

मी पहिल्यांदा दोर धरला तो दहा-अकरा वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुट्टीत. धरला म्हणजे मोठ्यांच्या मध्ये लोंबकळलो. ओला दोर तळव्यांना करवतीसारखा लागला. तासाभराने हात लाल झाले, मी बाजूला झालो. जाळं वर आलं तेव्हा आतली वाळू चंदेरी होऊन उसळत होती. त्या दिवशी मुख्यतः तारली होती, थोडे बांगडे, एक-दोन लेपे. वाटणी सुरू झाल्यावर मी मामाच्या मागे उभा होतो. मासे वाटणाऱ्या म्हाताऱ्याने मला पुढे बोलावलं आणि चार बांगडे माझ्या हातात ठेवले. मी म्हणालो, मी मध्येच सोडला होता. त्यावर तो म्हणाला, “दोराक हात लावलंस मा? मगे वाटो घेवकच व्हयो.”

हाच रापणीचा कायदा. कागदावर तो कुठे लिहिलेला नाही. उत्पन्नातून होडीचा भाग, जाळ्याचा भाग आणि मग माणसांचे वाटे, हे प्रमाण गावागावात वेगळं. पण विक्रीचा माल बाजूला होण्याआधी ओढणाऱ्याच्या कालवणाचे मासे निघतात. त्यात म्हातारा आला, शाळकरी पोर आलं, वाटेने जाताना हात लावणारा परकाही आला. नवरा वारलेली बाई दोराला लागली तर तिच्या पाटीतही मासे पडतात. मला वाटतं, गावात उपाशी कुणी राहू नये याची एवढी साधी सोय क्वचितच कुठे असेल. दान म्हणून कुणी काही घेत नाही, जो तो आपल्या कामाचंच घेतो.

जाळं स्वतःच अशा वाट्यांनी शिवलेलं असे. जुन्या काळी सुताचे नाहीतर तागाचे तुकडे घरोघरी विणले जायचे आणि ते जोडून रापण उभी राहायची. ज्याचा तुकडा, त्याचा हिस्सा. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ते भिजवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. नायलॉन आल्यावर ही मेहनत संपली आणि जाळं हलकं झालं. पण फाटलेले आस सांधायला आजही दुपारच्या वेळी माडाखाली चार माणसं बसलेली दिसतात, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून.

मोसम ठरलेला. १ जून ते ३१ जुलै सरकारची मासेमारी बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खरी सुरुवात. सप्टेंबरपासून पुढे बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात. पाण्यावर काळपट छाया सरकताना दिसते, पक्षी घिरट्या घालतात, आणि नजर बसलेल्या माणसाला लांबूनच कळतं की हा बांगडा की पेडवे. तो हाक घालतो. पूर्वी त्या हाकेला घरातली माणसं जेवणावरून उठत. एका किनाऱ्यावर दोन-तीन रापणी असल्या तर पाळी ठरलेली असते, दुसऱ्याच्या पाळीत कुणी जाळं टाकत नाही.

असं जाळं फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. केरळात ते आहे, श्रीलंकेत त्याला मादेल म्हणतात. पोर्तुगालमध्ये अशी जाळी बैलांनी ओढत, आता ट्रॅक्टरने ओढतात. जपानमध्येही किनाऱ्यावरून ओढायची जाळी होती आणि आहेत. अर्थशास्त्राचं नोबेल २००९ साली मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक साधनसंपत्तीवरच्या आपल्या १९९०च्या पुस्तकात श्रीलंकेतल्या मावेल्ले या गावाचा विचार केला आहे. तिथेही पाळी होती, वाटे होते. पण नवी जाळी यायची थांबली नाहीत, पाणी तेवढंच राहिलं, आणि एकेका जाळ्याच्या वाट्याला वर्षातून मोजक्याच खेपा येऊ लागल्या. पाळीचा नियम चोख होता. नव्या जाळ्याला नाही म्हणणारं कुणी नव्हतं. हे वाचताना मला आपल्या किनाऱ्यावरची परिस्थिती आठवली. आपल्याकडे उलट घडलं. रापणी वाढल्या नाहीत. बाहेरून यंत्र आलं.

कर्नाटकात १९७५ नंतरच्या चार-पाच वर्षांत पर्ससीन नौका आल्या आणि तिथली प्रसिद्ध रांपणी जाळी बघता बघता बसली. पर्ससीन जाळं थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी ओढून तळ बंद करतात. रापण माशाची वाट बघते. पर्ससीन माशाकडे जाते, खोल पाण्यातच थवा उचलते. किनाऱ्याकडे यायला मग उरतं काय? गोव्यातल्या रापणकारांनी हे लवकर ओळखलं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला घासून जाऊ लागले तेव्हा मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या संघटनेच्या नावातच रापणकार आहे, ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’. या लढ्यातून १९८०चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१चा. पुढे डॉ. वि. स. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले आणि तिचा मोसम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. कागद चांगले आहेत. पण रात्री तळाशीलच्या किनाऱ्यावर उभं राहिलं आणि समुद्रात दूर दिव्यांची ओळ दिसली, की रापणीतली माणसं गप्प होतात. ते गप्प होणं मी पाहिलं आहे, आणि त्याचा राग मला आजही येतो.

रापणीची बाजू घेताना एक गोष्ट लपवू नये. झोळीचे आस बारीक असतात, त्यात पिल्लंही येतात. जे येईल ते वर येतं, प्लास्टिकसुद्धा. पण एक फरक आहे. रापणीतला मासा किनाऱ्यावर येईपर्यंत पाण्यात जिवंत असतो. कासव आलं तर ते हाताने उचलून परत सोडता येतं, आणि सोडतात. संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापावं लागलं तर राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. शिवाय रापण जागची हलत नाही. समुद्र जेवढं तिच्या दाराशी आणून देईल, तेवढंच तिचं.

आता जे बोलायचं, ते निगडीतून बोलायला जड जातं. रापण मासे कमी झाल्याने जेवढी अडचणीत आली, तेवढीच माणसं कमी झाल्यानेही. तीस-चाळीस माणसांशिवाय मोठी रापण ओढता येत नाही. मोटर लावली की होडी चालते, पण दोराला मोटर लावली तर दोन्ही बाजूंचा ताल सांभाळणार कोण, असं जुने लोक विचारतात. पोरं कुठे गेली? मुंबईला गेली, गोव्याला गेली, आणि इकडे आली. प्राधिकरणात, यमुनानगरात, चिखलीत त्यांनी घरं केली. इथे त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. रापणीत कधी एका खेपेत महिन्याभराचं येतं, कधी आठ दिवस नुसता कचरा. लेकरांची फी भरायची असलेल्या माणसाने हा पगार का सोडावा? मी सोडला नाही. माझ्या मामेभावांपैकी दोघांनी सोडला नाही. एकजण तिथे राहिला आहे.

त्या राहिलेल्याच्या रापणीत आता उन्हाळी सुट्टीत पर्यटक दोर धरतात. तारकर्ली, देवबागला तर ते नेहमीचंच. पुण्या-मुंबईचं कुटुंब फोटो काढत येतं, कुणीतरी “धरा, धरा” म्हणतं आणि पोरं हौसेने ओढायला लागतात. सुरुवातीला मला हे खटकायचं. मामेभावाला मी तसं म्हटलं तर तो सरळ म्हणाला, “अरे, ओढणारो हात ओढणारो हात. म्हावऱ्याक काय ठावक तो खयचो?” आणि वाटणीच्या वेळी त्या कुटुंबालाही त्याने एका पिशवीत पेडवे घालून दिले. पैसे घेतले नाहीत. त्या पोरांच्या तळव्यांवर लाल वळ होते.

निगडीत मासळीच्या गाळ्यावर बांगडा बर्फात ठेवलेला असतो. डोळे पांढरे पडलेले, कल्ले फिकट. कुठला म्हणून विचारलं तर कधी रत्नागिरी, कधी मलपे. वाईट नसतो. पण रापणीतून निघून तासाभरात तव्यावर गेलेला बांगडा ज्याने खाल्ला आहे, त्याला तिरफळाचं कालवण करतानाही ती चव मिळत नाही. म्हणून तो थर्माकोलचा डबा.

गेल्या मोसमात एका सकाळी कामावर निघताना मामेभावाने फोनवर फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं, ‘रापण लागली’. मी जिन्यातच थांबून फोटो मोठा केला आणि सवयीने दोरावरची माणसं मोजली. एका रांगेत सतरा. त्यांत दोन बायका, एक शाळेच्या गणवेशातला मुलगा. दुसरी रांग फोटोत नव्हती. मी फोन लावला आणि आधी मासे किती ते विचारलं नाही, पलीकडच्या दोराला किती जण आहेत ते विचारलं. वाऱ्याच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसावं. “बांगडो हा, बांगडो,” तो ओरडत होता, “फोन ठेव, हात मोकळो नाय.”